मारहाणीच्या शिक्षेवरचं अपील (भारत)

मारहाणीच्या केसमध्ये दोषी ठरलेल्या आरोपीने त्या निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात मागितलेली दाद. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर अपील साधारणपणे सेशन्स कोर्टात जातं आणि मुदत 30 दिवस, खटलाच सेशन्सने चालवला असेल तर हायकोर्टात आणि 60 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. कैदेची शिक्षा झाली असेल तर आरोपीला एक नक्कल लगेच आणि फुकट मिळायलाच हवी, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

हा हक्क इंग्लंडमधून जसाच्या तसा आला असं सरसकट लिहिलं जातं, पण ते पटण्यासारखं नाही. तिथे फौजदारी अपिलाचं स्वतंत्र कोर्ट 1907 च्या कायद्याने आलं, तर इकडे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच अपिलाची तरतूद होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सदर अदालती (कंपनीची वरची कोर्टं) खालच्या कोर्टांच्या शिक्षा तपासायच्या, मूळ बहुधा त्या देखरेखीत असावं. पेशवाईत गोतसभेचा (गावातल्या जमलेल्या मंडळींच्या न्यायसभेचा) निवाडा दुसरीकडे नेता यायचा खरा, पण ते दाखले मुख्यतः वतनाच्या वादांचे आहेत, त्यावरून फौजदारीबद्दल काही ठरवणं धाडसाचं होईल.

1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आली (अपिलाचं कलम 374 आता 415) आणि एक नवा वाद उभा राहिला. खटला जुन्या कायद्याखाली चालला पण अपील त्या तारखेनंतर दाखल झालं तर कुठला कायदा? बीएनएसएसचं कलम 531 फक्त त्या दिवशी पेंडिंग असलेली अपिलं जुन्या कायद्यावर ठेवतं, त्यामुळे नंतरच्या अपिलाला बीएनएसएस लागू होते असं केरळ हायकोर्टाने म्हटलंय आणि कलमाचे शब्द बघता तेच जास्त बरोबर वाटतं. गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा मात्र घटनेच्या दिवशीच्या कायद्याप्रमाणेच.

अपिलात खरी लढाई बऱ्याचदा होते ती साधी दुखापत की जबर दुखापत यावर. आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) 323, म्हणजे साधी दुखापत, याला जास्तीत जास्त 1 वर्ष, 325 ला, म्हणजे जबर दुखापतीला, 7 वर्षांपर्यंत, त्यामुळे हाड मोडलं की नाही यावर बरंच काही बदलतं. एक्स-रे प्लेट कोर्टात आलीच नाही, नुसतं सर्टिफिकेट लावलं, डॉक्टर साक्षीला आले नाहीत, असं असेल तर 325 चं 323 होऊ शकतं. जबर दुखापतीच्या जुन्या व्याख्येत 20 दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद हाही एक निकष होता, आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 116 मध्ये तो 15 दिवसांवर आला. पहिल्या अपिलात कोर्टाने पुरावा स्वतः नव्याने तपासायचा असतो, नुसतं खालचा निकाल बरोबर आहे म्हणून चालत नाही. आणि वकील हजर नाही एवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये बानी सिंग केसमध्ये स्पष्ट केलंय.

शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर असेल तर अपील करायला वेळ मिळावा म्हणून खालचं कोर्टच जामीन देऊ शकतं. पण शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धी (दोषी ठरवणारा निकाल) थांबली असं नाही, दोषसिद्धीवरची स्थगिती वेगळी मागावी लागते आणि सहज मिळत नाही, सरकारी नोकरीवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं. अपील कोर्ट 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवरही सोडू शकतं. आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. दोन्ही बाजूंची तडजोड झाली तर 323 आणि 325 अपिलातही मिटतात, कोर्टाच्या परवानगीने. 324 (घातक हत्याराने दुखापत) मात्र 2005 च्या दुरुस्तीनंतर तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.

गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल तर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर, तेही हायकोर्टाने शिक्षा दिली असेल तर नाही. सेशन्सनंतर दुसरं अपील नसतं, हायकोर्टात रिव्हिजन (खालच्या निकालाची फेरतपासणी) करता येतं. अपील चालू असताना आरोपी वारला तर जवळचे नातेवाईक 30 दिवसांत परवानगी मागून ते पुढे चालवू शकतात.