पिल्लू चावलं : लस घेतली, पण सीरम?

कुत्र्याचं पिल्लू चावलं की "इंजेक्शन घेतलं ना?" असं सगळे विचारतात. कोणतं घेतलं, हे सहसा कुणी विचारत नाही. कधी ते नुसतं धनुर्वाताचं असतं. तेही लागू शकतं, पण रेबीजशी त्याचा काडीचाही संबंध नाही. खरा घोळ होतो तो रेबीजसाठीच्याच दोन गोष्टींत, लस आणि सीरम.

लशीत निष्क्रिय केलेला विषाणू असतो. ती टोचल्यावर शरीर स्वतः प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, अँटीबॉडीज) बनवतं, आणि त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. सीरममध्ये, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोबुलिनमध्ये, माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं असतात. ती लगेच कामाला लागतात, मात्र काही आठवड्यांत ओसरतात. मधले उघडे दिवस सीरमने झाकायचे, पुढचं लशीने सांभाळायचं. एक घेतलं म्हणून दुसरं टळत नाही.

१९५४ साली इराणमध्ये एका पिसाळलेल्या लांडग्याने बऱ्याच जणांना फाडलं. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ५ जणांना फक्त लस मिळाली, त्यातले ३ दगावले. लशीबरोबर सीरमही मिळालेल्यांत एकच मृत्यू झाला. दोन्ही एकत्र द्यायची पद्धत रुळली त्यामागे हा अनुभव मोठा आहे.

देण्याची जागाही वेगळी. लस दंडात, अगदी लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही. सीरम थेट जखमेत आणि तिच्या कडेने भरतात, कारण विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी तिथेच गाठायचा असतो. हे दुखतं, आणि बोटाच्या टोकावर तर फार सांभाळून करावं लागतं. तिथे औषध मावत नाही आणि दाब वाढला तर रक्तपुरवठा अडू शकतो. एकाच सिरिंजमधून लस आणि सीरम देत नाहीत.

सीरम कुणाला? इथे पिल्लू फसवतं. त्याचे दुधाचे दात सुईसारखे. जखम मोठी दिसत नाही, टाचणी टोचल्यासारखा रक्ताचा एक ठिपका, बस्स. पण दात कातडीच्या आरपार गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती तिसरी श्रेणी, म्हणजे लस अधिक सीरम. फुटलेल्या कातडीला किंवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली तरी तेच. रक्त न येता नुसतं खरचटलं तर दुसरी श्रेणी, फक्त लस. धड कातडी चाटली तर धुतलं की झालं. जनावराचं वय या हिशेबात कुठेच येत नाही.

"एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज?" या वाक्याचा मला रागच येतो. पिसाळलेलं जनावर त्यालाही चावलेलं असू शकतं, आणि कुत्र्यांना रेबीजची लस सहसा तीन महिन्यांच्या आसपास देतात, त्यामुळे त्याआधी ते उघडंच असतं. वर आजारी पिल्लू नुसतं मलूल पडतं, मरतं, आणि लोक दुसऱ्याच रोगाचं नाव घेऊन मोकळे होतात.

चावल्यावर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही नको. लस त्याच दिवशी सुरू करा. पिल्लावर १० दिवस नजर ठेवायची ती उपचार सुरू करून. दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पिल्लू हरवलं किंवा मेलं तर कोर्स पूर्ण करायचा. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही हे उपचार चालतात.

सीरम लगेच मिळालं नाही तर लस अडवून ठेवू नका. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात, म्हणून देत नाहीत. आणि पूर्वी रेबीजच्या लशीचा कोर्स पूर्ण झालेला असेल तर सीरम लागतच नाही, ० आणि ३ या दिवशी लशीचे दोन डोस पुरतात. म्हणून जुनं कार्ड असेल तर दवाखान्यात सोबत न्या.