‘असूनही’ गाळलेला नाच

नटराजाच्या पायाखाली दबलेला बुटका म्हणजे अपस्मार. मूर्तिशास्त्रात तो अज्ञानाचं प्रतीक आहे, पण शब्दाचा अर्थ फेफरं. अज्ञान दाखवायला ठेंगणं शरीर आणि आजाराचं नाव वापरलं गेलं. धडधाकट शरीर हाच मापदंड मानणारी नजर, म्हणजे सक्षमतावाद, किती जुनी आहे याचा यावरून अंदाज येतो. आजच्या बातम्यांत ती ‘असूनही’ या शब्दात दडलेली असते: पाय गमावलेला असूनही नाचली.

१९८१ मध्ये तमिळनाडूतल्या बस अपघातानंतर मुंबईच्या भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. १९८४ मध्ये त्या ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय लावून मुंबईत पुन्हा रंगमंचावर आल्या. कौतुक जिद्दीचं झालं, तंत्राचं फारसं नाही. खरं तर गुडघा शाबूत राहणं इथे निर्णायक असतं, कारण त्याशिवाय अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची भरतनाट्यमची मूळ स्थिती, धरणं फार अवघड. जयपूर फूट रबरी आणि सगळ्या दिशांना लवणारं, अनवाणी चालण्यासाठी, उकिडवं बसण्यासाठी घडवलेलं. तरीही प्रत्येक ठोक्याचा हादरा सॉकेटमधून, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीतून, कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाच्या कातडीवर बसतो. दिवसभरात त्या भागाची सूज कमी-जास्त होते, सॉकेट सैल पडतं आणि घासून जखमा होतात. म्हणून मोज्यांचे थर वाढवावे-काढावे लागतात. एवढं करूनही कसोटी जुनीच राहिली: फरक दिसला नाही तर यश.

फरकच ऐकवणारा एक नर्तक फार आधी होऊन गेला. बाराव्या वर्षी कापसाच्या जिनिंग यंत्रात पाय गमावलेले अमेरिकन टॅप (बुटांच्या ठोक्यांवर चालणारा नाच) नर्तक क्लेटन ‘पेग लेग’ बेट्स लाकडी पायाचा ठोका वेगळा वाजू देत आणि त्यावरच लय बांधत.

ही दृष्टी चळवळ व्हायला दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने मांडलं की अपंगत्व समाजाच्या रचनेतून लादलं जातं. आणि १९७२ पासून स्टीव्ह पॅक्स्टन यांच्या ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ने ठरलेल्या पदन्यासाऐवजी दोन शरीरांमधली वजनाची देवाणघेवाण नाचाच्या केंद्रस्थानी आणली. वजन द्यायला पायच लागतात असं नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अ‍ॅक्सिस’ ही अपंग आणि अपंग नसलेल्या नर्तकांची नृत्यमंडळी सुरू झाली. १९९१ मध्ये लंडनमध्ये सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी ‘कँडोको’ ही तशीच नृत्यमंडळी काढली. डँडेकर व्यावसायिक नर्तिका होत्या. १९७३ मध्ये प्रयोग चालू असतानाच पडून त्यांच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती.

व्हीलचेअर नाचात आली की पहिली चूक नृत्यदिग्दर्शकाची होते: उभ्या नर्तकांनी खुर्ची गोल-गोल ढकलायची. म्हणजे बसलेला माणूस सामान झाला. दुसरी चूक वजनाची. जोडीदार पायठेवणीवर उभा राहिला तर खुर्ची पुढे कलंडते. भार मागच्या आसाच्या मागे गेला तर पुढची छोटी चाकं उचलली जाऊन ती पाठीमागे पडते. म्हणून भार मांडीवर, आसाच्या जवळ घ्यायचा आणि खुर्ची स्थिर हवी असेल तर ब्रेक आधी लावायचे. चाकं वरच्या बाजूला आत कललेली असली की तळ रुंद होतो, वळणं चपळ होतात. कमरेचा पट्टा घट्ट असेल तर धडाच्या झोक्याबरोबर खुर्चीही डोलते. सगळ्यांना एका मात्रेवर थांबवण्याचा हट्ट मात्र सोडावा. चाक घरंगळतं, आणि ती घरंगळ कापून टाकली तर हाती काय उरलं?

कँडोकोमधून पुढे आलेले डेव्हिड टूल यांना पाय नव्हते. ते हातांवर चालत, तेही अशा वेगाने आणि डौलाने की दोन पायांचा जोडीदार बोजड वाटावा. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात ते नाचले. अमेरिकेत अ‍ॅलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन यांनी ‘डिसेंट’ हा प्रयोग मोठ्या, वळणदार उतारावर बसवला. इमारतींच्या नियमांत रॅम्प म्हणजे १:१२ चा (एक फूट चढाला बारा फूट लांबीचा) सोयीचा रस्ता. इथे उतारावरून सुटण्याची मजा हाच नाच.

भारतात २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं २९ वं कलम कलांचे अभ्यासक्रम अपंगांना भाग घेता येईल असे नव्याने आखायला सांगतं. नाच शिकणाऱ्याला रंगमंचापर्यंतच्या पायऱ्या अडवतात, हे तर आहेच. पण अरमंडी कधीच धरू न शकणाऱ्या विद्यार्थिनीला भरतनाट्यमच्या परीक्षेत गुण कशाचे द्यायचे, हेही आता परीक्षकांना ठरवावं लागेल.