जहाजातील यंत्रसामग्री बसवण्याचे नियोजन: पार्श्वभूमी

पोलादी जहाजबांधणीत दीर्घकाळ एकच क्रम रूढ होता. स्लिपवेवर (पाण्याकडे उतरणाऱ्या बांधणीच्या उतारावर) सांगाडा पूर्ण करायचा, जहाज पाण्यात सोडायचे आणि मग ते धक्क्याला बांधून पाइप, केबल व पंप बसवायचे. नियोजन पाइपिंग, विद्युत, वातानुकूलन अशा विभागवार याद्यांवर चाले. परिणामी एकाच अरुंद कप्प्यात फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन एकाच वेळी येऊन थडकत आणि बसवलेले पाइप केबलसाठी पुन्हा काढावे लागत.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री कैसर यांच्या अमेरिकी गोद्यांत जहाजाचे मोठे भाग जमिनीवर तयार होऊ लागले. ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे लिबर्टी जातीचे मालवाहू जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये बांधणी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. अर्थात तो प्रचारासाठी केलेला विक्रम होता, नेहमीचा वेग नव्हे. १९५१ मध्ये डॅनियल लुडविग यांच्या नॅशनल बल्क कॅरिअर्स या अमेरिकी जहाज कंपनीने जपानमधील कुरे येथील जुनी नौदल गोदी भाड्याने घेतली. कैसर यांच्याकडे काम केलेल्या एल्मर हॅन यांनी तेथे ब्लॉक पद्धत, म्हणजे जहाजाचे मोठे भाग (ब्लॉक) आधी तयार करून मग जोडण्याची पद्धत, रुजवली.

यंत्रसामग्रीचे वेळापत्रक खऱ्या अर्थाने बदलले ते मात्र जपानी अभियंत्यांनी, विशेषतः पुढे आयएचआय या जहाजबांधणी कंपनीत. त्यांनी काम विभागांऐवजी जहाजातील जागा आणि टप्पा यांनुसार वाटले. पंप, व्हॉल्व्ह व पाइप एका चौकटीवर कार्यशाळेतच जोडले जाऊ लागले. ब्लॉक उलटा असतानाच छताकडील पाइप वेल्ड केले जात, म्हणजे वेल्डरला मान वर करून काम करावे लागत नसे. एका जागेच्या एका टप्प्याचे साहित्य एका पॅलेटमध्ये येई आणि त्या पॅलेटची तारीख हाच वेळापत्रकाचा कणा ठरे. कार्यशाळेत एक तास घेणारे काम ब्लॉकवर तीन आणि जहाजावर आठ तास घेते, हा या व्यवसायातील ढोबळ आडाखा आहे.

या पद्धतीला पंपाचा पाया, फ्लँजची (पाइप जोडणाऱ्या कड्याची) जागा आणि केबलचा मार्ग यांची माहिती फार आधी लागते. युद्धनौकांत नेमके हेच अवघड, कारण तेथे बांधणी सुरू असतानाही सामग्रीची निवड चालूच राहते. कोचीत बांधलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका गिअरबॉक्स उशिरा आल्याने रखडली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये पहिली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९६८ मध्ये जलावतरणानंतर १९७२ मध्ये सेवेत आली. ब्लॉकमध्येच बरीच सामग्री बसवून बांधलेल्या नव्या ‘निलगिरी’चे जलावतरण सप्टेंबर २०१९ मध्ये झाले आणि तरीही ती जानेवारी २०२५ मध्येच नौदलात दाखल झाली.