आजीच्या टीव्हीवरचे ठिपके

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आजीचा टीव्ही होता. लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा, कृष्णधवल. पत्र्यावरच्या अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे, कारण मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्याला मिळायचे ते गडावरच्या मनोऱ्यावरून. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, पण आमच्या घरी रंगीत संच यायला पुढची सहा-सात वर्षं गेली. तोवर मी काचेला नाक लावून बसायचे आणि आजी मागून ओरडायची, "अगं मागे सरक, डोळे जातील!"

मला तिथे काहीतरी दिसायचं म्हणून मी बसायचे. बातम्या देणाऱ्या बाईंच्या साडीवर, अगदी जवळून पाहिलं की, बारीक ठिपक्यांची जाळी असायची आणि ती हळूहळू सरकत राहायची. चेहऱ्यावर ती पुसट, मागच्या पांढऱ्या भिंतीवर अजिबात नाही, आणि साडीच्या काठाशी एकदम दाट. "आजी, हिच्या साडीवर मुंग्या चालल्यात." आजीचं उत्तर ठरलेलं: सिग्नल खराब आहे, काकाला वर चढून अँटेना हलवायला सांग.

काकाने अँटेना कितीदा तरी हलवली. ठिपके गेले नाहीत, आणि जाणारही नव्हते. ते ठिपके म्हणजेच त्या साडीचा रंग होता. हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि कळलं ते इंग्लंडमधल्या काही अभियंत्यांनी केलेल्या एका कामामुळे. टीव्हीच्या इतिहासातलं इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

आधी ठिपक्यांचं सांगते. रंगीत प्रसारण सुरू झालं तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते, आणि ते निकामी करून चालणार नव्हतं. म्हणून उजेड-अंधाराचं जुनं चित्र होतं तसंच ठेवून त्याच्यावर रंगाची एक वेगळी लहर चढवली गेली. युरोपातल्या बऱ्याच देशांनी आणि पुढे भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ही लहर सेकंदाला ४४,३३,६१८.७५ वेळा हेलकावते. लहर किती उंच, यावरून रंग किती गडद ते कळतं. ती नेमकी कोणत्या क्षणी वर चढते, यावरून रंग कोणता ते कळतं. घड्याळाच्या तबकडीसारखी कल्पना करा: काटा एका जागी असेल तर लाल, तिथून पुढे सरकला तर जांभळा, आणखी पुढे निळा. पण बारा कुठे आहेत हे माहीत नसेल तर काट्याला अर्थ नाही. म्हणून चित्राच्या प्रत्येक ओळीच्या आधी, पडद्यावर न दिसणाऱ्या जागेत, त्या लहरीचे दहाएक हेलकावे संदर्भासाठी पाठवले जातात. रंगीत संच त्यावरून आपलं घड्याळ लावून घेतो.

कृष्णधवल संचाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला ती लहर म्हणजे फक्त उजेडातला चढउतार वाटते आणि तो इमानेइतबारे काचेवर उमटवतो. एका ओळीत साधारण २३० ठिपके. पांढऱ्या भिंतीला रंग नाही, म्हणून लहर नाही, म्हणून ठिपकेही नाहीत. लालभडक काठावर लहर उंच, म्हणून जाळी दाट. लहरीचा तो आकडा गोल न ठेवता असा विचित्र ठेवलाय तोही मुद्दाम. त्यामुळे ठिपके ओळीओळीला आणि चित्राचित्राला जागा बदलतात आणि चार हात लांब बसलेल्या माणसाच्या डोळ्यात एकमेकांत मिसळून जातात. आजी म्हणायची तसं मागे सरकलं की ते दिसत नसत, ते यामुळेच.

आता इंग्लंडकडे वळू. बीबीसीने १९६७ साली दुसऱ्या वाहिनीवर रंगीत प्रसारण सुरू केलं, आणि १९६९च्या नोव्हेंबरात पहिल्या वाहिनीवर. कार्यक्रम मुद्रित होत ते दोन इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर. हे तंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये आणलं होतं. टेप महाग होती, तिची रिळं अवजड होती आणि कपाटं भरत चालली होती. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधनं होती. लोक पुढे घरी कॅसेट विकत घेऊन जुनी मालिका बघतील, हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे वापरून झालेली टेप पुसायची आणि तिच्यावर नवा कार्यक्रम घ्यायचा, ही रीतच पडली. बीबीसीत ती १९७८ पर्यंत चालू होती. 'डॉक्टर हू' या लोकप्रिय विज्ञानमालिकेच्या १९७०च्या दशकातल्या अनेक रंगीत भागांच्या मूळ टेप अशाच पुसल्या गेल्या.

भाग वाचले ते परदेशी विक्रीमुळे. ज्या देशांत टेपची यंत्रं नव्हती किंवा रंगीत प्रसारण नव्हतं, त्यांच्यासाठी एक साधा मार्ग होता: उत्तम दर्जाच्या टीव्हीच्या पडद्यासमोर १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्याचंच चित्रीकरण करायचं. याला टेलिरेकॉर्डिंग म्हणत. फिल्म अर्थातच कृष्णधवल. तिच्या प्रती आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियाकडे जात. पुष्कळदा एका देशाचं दाखवून झालं की तीच रिळं पुढच्या देशाला रवाना होत. आणि मग कुठेतरी ती राहून गेली. 'डॉक्टर हू'च्या १९६७-६८ मधल्या हरवलेल्या भागांची नऊ रिळं नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. ऑस्ट्रेलियात तर सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून कापून ठेवलेले तुकडे १९९६ साली सरकारी दफ्तरात मिळाले. कापलेला भाग शिल्लक आणि बाकीचा भाग नाहीसा! हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.

काही देशांना मात्र रंगीत टेपच गेल्या होत्या, त्यांत कॅनडा आणि अमेरिका. तिथून काही टेप परतही आल्या. पण त्या एनटीएससी या अमेरिकन पद्धतीत बदललेल्या.

या दोन पद्धतींचं वैर आमच्या घराने अनुभवलं आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या मामाने भाचीच्या बारशाची व्हीएचएस कॅसेट पाठवली. अख्खा वाडा जमला, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरमध्ये कॅसेट घातली, आणि काय? चित्र कृष्णधवल, तेही खालून वर गडगडत चाललेलं. कारण अमेरिकेत चित्राच्या ओळी ५२५ आणि सेकंदाला साधारण ६० अर्धचित्रं (अर्धचित्र म्हणजे एक ओळ सोडून एक घेतलेलं अर्धं चित्र). आपल्याकडे ओळी ६२५ आणि अर्धचित्रं ५०. रंगाच्या लहरीचा वेगही वेगळा, म्हणून आपल्या संचाला ती ओळखूच येईना आणि त्याने रंग बंद करून टाकला. शेवटी कोथरूडहून कोणाचा तरी मल्टिसिस्टिम व्हीसीआर रिक्षातून आणला, तेव्हा कुठे आईच्या वहिनीची साडी हिरवी आहे हे कळलं.

बीबीसीची अडचण याहून मोठी होती. ५० अर्धचित्रांची ६० करताना यंत्राने दर पाच अर्धचित्रांतून सहा तयार केलेली असतात, शेजारची दोन-दोन एकमेकांत मिसळून. त्यामुळे कोणी हात हलवला की हाताची सावली मागे रेंगाळते. ही मिसळ सोडवता येईल का? कोकम, पन्हं, लिंबू अशी पाच सरबतं ठरलेल्या मापाने सहा पेल्यांत मिसळली आहेत असं समजा. सरबत परत वेगळं होणार नाही. पण आकडे होतात! कोणत्या पेल्यात कशाचं किती माप पडलं हे ठाऊक असेल, तर सहा बेरजांवरून पाच मूळ संख्या काढता येतात. बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांच्या पुढाकाराने हेच गणित बसवलं गेलं आणि २००५ पासून त्यातून मूळच्या ५० अर्धचित्रांची गती परत मिळू लागली.

जिथे रंगीत टेप परत आली नाही तिथे आणखी एक वाट होती. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एका चाहत्याने काही भाग घरच्या रेकॉर्डरवर टिपून ठेवले होते. चित्र धूसर, पण रंगीत. आपला डोळा उजेड-अंधाराच्या बाबतीत फार चिकित्सक आणि रंगाच्या बाबतीत बराच उदार आहे. रेषा स्पष्ट असल्या तर रंग थोडा पसरलेला चालून जातो. म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फिल्मवरचं स्पष्ट कृष्णधवल चित्र आणि घरगुती टेपवरचा धूसर रंग एकावर एक बसवले गेले. नोव्हेंबर १९९२ मध्ये असा रंग परत आलेली एक कथा बीबीसीवर दाखवलीही गेली.

आणि जिथे रंगीत काहीच उरलं नव्हतं, फक्त कृष्णधवल फिल्म? इथे आजीचा टीव्ही येतो.

टेलिरेकॉर्डिंग करताना रंगाची लहर गाळून टाकावी अशी पद्धत होती. त्यासाठी फिल्टर असे. पण तो दर वेळी लावला जात नसे. मग फिल्म कॅमेऱ्याने कृष्णधवल पडद्यावरचं सगळं टिपलं, ठिपक्यांसकट. पुढे चाळीसएक वर्षं ती जाळी चित्रातला दोष म्हणून गणली गेली. ती रंगाची लहरच आहे, मग उलट वाचून रंग काढता येईल, हा विचार इन्सेल यांनी धरून ठेवला आणि रिचर्ड रसेल या अभियंत्याने त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं.

काम किती नाजूक आहे पाहा. १६ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची रुंदी जेमतेम १० मिलिमीटर. तेवढ्यात २३० ठिपके, म्हणजे एकेक ठिपका केसाहूनही बारीक. फिल्म आकसलेली असते, कॅमेऱ्यात ती किंचित थरथरलेली असते, मूळ पडदा कडांना गोलसर असतो. हे सगळे वाकडेपण आधी मोजून सरळ करावे लागतात, कारण ठिपका अर्ध्या घराने जरी सरकला तरी घड्याळाचा काटा पार दुसऱ्या बाजूला जातो आणि लालचा निळसर हिरवा होतो. शिवाय ते संदर्भाचे दहा हेलकावे दिसणाऱ्या चित्राबाहेर असल्यामुळे फिल्मवर आलेलेच नाहीत. बारा कुठे आहेत हे सांगणारं कोणी नाही. ते ठिपक्यांच्याच आपापसातल्या मांडणीवरून ताडावं लागतं. पाल पद्धतीत एक ओळ सोडून एक रंगाचा एक भाग उलटा करून पाठवतात, त्याची इथे मदत होते. तरीही तबकडीच्या चार पावांपैकी नेमका पाव कोणता, इथे यंत्र कधी कधी चुकतं, आणि मग माणूस बसून ते दुरुस्त करतो.

१३ डिसेंबर २००८ रोजी 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा १९६९ मधला एक भाग बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर रंगीत दाखवला गेला. हा रंग कोणी अंदाजाने भरलेला नव्हता. मूळ चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओतल्या कॅमेऱ्याने जो रंग पाहिला, तो कृष्णधवल फिल्ममधून बाहेर काढलेला होता. नंतर 'डॉक्टर हू'च्या बऱ्याच भागांना याच मार्गाने रंग परत मिळाला. २०१३ मध्ये सहा भागांची एक कथा अशी तयार झाली, पण तिच्या पहिल्या भागात ठिपके नव्हतेच. तो भाग हाताने, चित्रामागून चित्र असा रंगवावा लागला. त्या भागाच्या फिल्मवर रंगाची लहर पोचलीच नव्हती.

म्हणूनच जुन्या गोष्टी जपताना 'स्वच्छ करण्याची' घाई मला फार धोक्याची वाटते. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने २०१६ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रांसेजकडून 'बिल्वमंगल' या १९१९ सालच्या मूकपटाचा उरलेला भाग मिळवला. कोलकात्यात तयार झालेला चित्रपट, सापडला पॅरिसला, आला पुण्याला. अशा रिळावरचा ओरखडासुद्धा कधी काही सांगेल कोणाला माहीत. आधी जसंच्या तसं स्कॅन करावं, ते वेगळं ठेवावं, आणि साफसफाई करायची ती प्रतीवर.

हे मी शिकले ते बारशाच्या त्याच कॅसेटवर. शहरातल्या एका दुकानात ती डिजिटल करायला दिली होती. त्यांनी न विचारता चित्र 'क्लीन' केलं. मामाचा चेहरा मेणाचा झाला, आईची पैठणी म्हणजे जांभळा सपाट पट्टा. नशिबाने मूळ कॅसेट मी परत मागून घेतली होती. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर त्या आडव्या न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात. खिडकीतून पाहून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका. एकदा फिरवली की बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर जाते आणि पुढची प्रत्येक कॅसेट बिघडवते. डिजिटल करायला देताना मूळ पद्धत पाल आहे की एनटीएससी हे सांगा, कमीत कमी दाबलेली फाइल मागा आणि कुठलाही फिल्टर लावू नका असं लिहून द्या.

दुसऱ्यांदा मी तसं लिहून दिलं. आलेली फाइल खरखरीत आहे, खालच्या कडेला एक पट्टी सतत थरथरते. मामाने एका ठिकाणी कॅमेरा आईच्या पदराजवळ नेला आहे. तिथे थांबवून पाहिलं की मोर मोजता येतात.