पार्श्वभूमी : बर्कलीतील शाळकरी मुलांच्या जैवतंत्रज्ञान प्रशिक्षणासाठी पैसा आला कुठून?

कॅलिफोर्नियातील बर्कली हायस्कूलमध्ये अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी 1993 साली जैवतंत्रज्ञानाचे व्यावसायिक प्रशिक्षण सुरू झाले. पहिले वर्ष संपल्यावर उन्हाळी सुट्टीत एखाद्या कंपनीत किंवा संशोधन प्रयोगशाळेत पगारी काम, हा त्याचा कणा होता. या उपक्रमाविषयी लिहिताना बहुतेक जण अभ्यासक्रमाचे कौतुक करतात. ते रास्तच आहे, पण त्यामागच्या पैशाची हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण हे प्रशिक्षण जन्माला आले ते एका औषध कंपनीने कारखान्याच्या विस्तारासाठी शहराशी केलेल्या करारातून.

अमेरिकेत शालेय व्यवसाय शिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा 1917 पासून मिळतो. त्या वर्षी संमत झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, उद्योगधंद्यांतील कारागिरी आणि गृहशास्त्र या विषयांना अनुदान दिले आणि केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक शाळा मंडळाने एक डॉलर घालावा, अशी अट ठेवली. 1963 च्या कायद्याने हा परीघ वाढवला. केंटकीचे खासदार कार्ल पर्किन्स यांच्या नावाने 1984 मध्ये झालेला कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही या निधीचा मुख्य आधार आहे. या पैशातून उपकरणे येतात, शिक्षकांचे प्रशिक्षण होते. मात्र स्थानिक मंडळाने आपला खर्च कमी करून त्या जागी हा निधी वापरायचा नाही, असा दंडक आहे. म्हणजे मुळात स्थानिक तिजोरीत काही असेल, तरच या अनुदानाचा खरा उपयोग होतो.

कॅलिफोर्नियात नेमकी तीच तिजोरी आटली. 1978 च्या जनमत कौलाने, म्हणजे प्रोपोझिशन 13 ने, मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला आणि शाळांच्या हक्काच्या उत्पन्नाला मोठी कात्री लागली. त्याच सुमारास त्याच परिसरात एक नवा उद्योग उभा राहत होता. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी 1973 मध्ये डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढवण्याची पद्धत दाखवून दिली होती. 1976 मध्ये जेनेनटेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी स्थापन झाली आणि 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. संशोधन उत्पादनात उतरल्यावर माणसेही वेगळी लागू लागली. द्रावणे अचूक तयार करणारी, पेशींच्या टाक्यांवर लक्ष ठेवणारी, उत्पादनाच्या प्रत्येक घाण्याची (बॅचची) नोंद काटेकोर लिहिणारी. या कामाला पीएच.डी. लागत नाही, पण शिकवलेला हात लागतो. शाळांकडे पैसा नाही आणि उद्योगाकडे तंत्रज्ञ नाहीत, अशी ही कोंडी होती.

बर्कलीत ती फुटली ती शहराच्या पश्चिम भागात. कटर लॅबोरेटरीज ही औषध कंपनी 1903 पासून तेथे होती. 1974 मध्ये ती जर्मनीच्या बायर कंपनीने विकत घेतली आणि पुढे ती बायरच्याच माइल्स या अमेरिकी कंपनीत विलीन झाली. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या रुग्णांच्या रक्तात कमी पडणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक पूर्वी हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढावा लागे. तो जनुकीय तंत्राने बदललेल्या पेशींकडून करवून घेण्याचे काम या कारखान्यात होणार होते आणि 1993 मध्ये त्या औषधाला मान्यता मिळाली. एवढ्या मोठ्या गुंतवणुकीसाठी कंपनीला बांधकामाचे नियम मध्येच बदलणार नाहीत, याची हमी हवी होती. शहराला त्या बदल्यात स्थानिक लोकांसाठी काहीतरी ठोस हवे होते. 1992 मध्ये दोघांत 30 वर्षांचा विकास करार झाला आणि त्यातील शिक्षण व रोजगार प्रशिक्षणाच्या कलमांतून ‘बर्कली बायोटेक्नॉलॉजी एज्युकेशन’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. पुढे तीच ‘बायोटेक पार्टनर्स’ या नावाने ओळखली गेली आणि शेजारच्या ओकलंडमधील शाळेतही पोहोचली.

माझ्या मते या करारातील सर्वांत मोलाची गोष्ट रकमेपेक्षा मुदत ही होती. प्रयोगशाळेतील शिक्षण कसे चालते, ते जवळून पाहिले की याचे कारण कळते. मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेण्याचे उपकरण, हातात घेतलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी अंगठ्याने दट्ट्या थेट दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतो आणि नको तितका द्रव ओढून घेतो. पहिल्या थांब्यावर थांबून द्रव घ्यायचा, सोडताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचे, हे अंगठ्याला कळेपर्यंत पिपेटच्या टोकाला लावायच्या शेकडो प्लास्टिकच्या टिपा कचऱ्यात जातात. पिपेट एकदाच घ्यावी लागते. टिपा, डीएनएचे तुकडे वेगळे करण्याचे जेल आणि उणे 20 अंशांवर जपावी लागणारी विकरे (एन्झाइम) दर वर्षी लागतात. एकरकमी अनुदानातून कपाटे भरतात आणि तिसऱ्या वर्षी ती बंद पडून राहतात.

दुसरी मोलाची बाब विद्यावेतनाची. ज्या मुलाला सुट्टीत दुकानात काम करून घराला हातभार लावावा लागतो, त्याला विनावेतन इंटर्नशिप देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे. पगार दिल्यामुळे विज्ञानाची गोडी असलेल्या, पण घरी कमावणारे हात कमी असलेल्या मुलालाही प्रयोगशाळेचे दार खुले झाले.

कॅलिफोर्निया राज्यानेही दरम्यान हात आखडता घेतला नाही. 1981 मध्ये दोन शाळांत सुरू झालेल्या, एखाद्या व्यवसायाभोवती शालेय अभ्यासक्रम बांधणाऱ्या ‘पार्टनरशिप अकॅडमी’ योजनेला 1984 मध्ये कायद्याचा आधार मिळाला. तीत राज्याइतकाच वाटा स्थानिक मंडळाने आणि तितकाच उद्योगांनी, रोख किंवा वस्तू-सेवांच्या रूपाने, उचलायचा असतो. 2013 मध्ये शाळा, महाविद्यालये आणि उद्योग यांना जोडण्यासाठी 25 कोटी डॉलरची एकवेळची तरतूद झाली. 2015 पासून तीन वर्षांसाठी अनुक्रमे 40, 30 आणि 20 कोटी डॉलरचे प्रोत्साहन अनुदान आले. त्यात राज्याच्या डॉलरमागे स्थानिक वाटा पहिल्या वर्षी एक, मग दीड आणि तिसऱ्या वर्षी दोन डॉलर असा चढत गेला. मंडळांना हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा हेतू होता. परंतु ज्या गावात औषध कंपनी नाही, तेथील शाळेने हा वाढता वाटा कुठून आणायचा, याचे उत्तर या रचनेत नव्हते. मला ही त्रुटी गंभीर वाटते.

बर्कलीचा मूळ करार 2022 मध्ये संपणार होता. 2021 च्या अखेरीस नगर परिषदेने बायरबरोबर तो आणखी 30 वर्षांसाठी वाढवण्यास मंजुरी दिली. त्यात शहराला द्यायच्या सुमारे 3.3 कोटी डॉलरच्या सामाजिक लाभांत विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाचा समावेश आहे.