पाणीपट्टी हेक्टरवर की घनमीटरवर?

दुष्काळात पाटाच्या पाण्याचा दर वाढवला की उधळपट्टी थांबेल, असं अनेकांना वाटतं. पण दर कशावर लावला आहे, हे आधी पाहायला हवं.

पीक आणि क्षेत्र बघून हेक्टरी पट्टी घेतली, तर ती भरल्यावर पुढचा प्रत्येक लिटर फुकटच. पाण्याच्या एका पाळीत शेतात आठ सेंटिमीटर पाणी गेलं काय, बारा गेलं काय, पैसे तेवढेच. हेक्टरभर रानात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 100 घनमीटर, एक लाख लिटर. म्हणजे चार लाख लिटर जास्त गेले आणि त्याची कुठे नोंदही नाही. असा दर दुप्पट केला तर शेतकऱ्याचा खर्च वाढेल, फार तर तो पुढच्या हंगामात पीक बदलेल. वाफे मात्र पूर्वीसारखेच तुडुंब भरतील.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर वेगळा रस्ता धरला गेला. कालव्याच्या शेंड्याकडच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांना संघटित करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि पट्टीही मापावरच लागते. राज्यात 2005 च्या कायद्याने हीच घनमापन पद्धत पाणी वापर संस्थांसाठी आली.

मोजायचं कसं? चारीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या तोंडाशी पाट ठरावीक आकारात अरुंद करतात आणि पाण्याची उंची मोजपट्टीवर वाचतात. उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट नव्हे, सुमारे 2.8 पट होतो. म्हणून अंदाजाने ‘थोडंसं जास्त’ सोडलेलं पाणी प्रत्यक्षात बरंच जास्त असतं.

तरीही नुसत्या दराकडून फार अपेक्षा ठेवू नये. पाणीपट्टी महागली म्हणून कुणी द्राक्षबाग वाळू देणार नाही; बागेत गुंतलेल्या पैशापुढे पट्टी किरकोळ असते. टंचाईत खरा लगाम असतो तो कोट्याचा. मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठच्या जुन्या फड पद्धतीत (फड म्हणजे एकत्र भिजवायचा शेतांचा गट) हेच होतं: पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे.

दुसरी अडचण विहिरीची. पाटाचं पाणी महाग झालं की मोटर जास्त चालते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे पंपाच्या जादा तासाला काहीच मोल उरलेलं नाही. आपल्या काळ्या कातळात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ती साठवण तुटपुंजी, आणि शेजारच्या विहिरी बऱ्याचदा तीच वाटून घेतात. त्यामुळे पाटाला माप आणि विहीर मोकळी, ही व्यवस्था दुष्काळात टिकणारी नाही. रब्बीच्या तोंडावर धरणातला साठा आणि विहिरींची पातळी एकाच बैठकीत मांडून संस्थेने क्षेत्र ठरवावं, आणि दर त्यानंतर लावावा.