लघुग्रहाची धडक आणि विद्यार्थ्यांचे निबंध : एका स्पर्धेची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतील माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘लघुग्रहाच्या धडकेपासून पृथ्वीचे रक्षण’ या विषयावर निबंध स्पर्धा सुरू झाली, तिचे निमित्त २०२५ च्या फेब्रुवारीतील बातम्यांचे होते. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीतून सापडलेला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीच्या सुमारास ३.१ टक्क्यांवर पोहोचली होती. धडकेचा संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत असल्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत मुंबईचे नाव ठळकपणे छापून आले. पुढच्या काही दिवसांतच नव्या निरीक्षणांमुळे पृथ्वीपुरता हा धोका जवळपास शून्यावर आला; मात्र तोवर ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंतच्या शाळांतील विज्ञान शिक्षकांना मुलांनी प्रश्नांनी भंडावून सोडले होते. वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या काही हौशी मंडळींनी या कुतूहलाला वळण द्यायचे ठरवले आणि त्यातून ही स्पर्धा उभी राहिली.

महाराष्ट्राला हा विषय मुळात परका नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच धडकेने ज्या बेसाल्ट खडकात पडले, त्याच दख्खनच्या लाव्हाथरांचा कळव्याजवळचा पारसिकचा डोंगर आहे. या विवराचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जात होते. नंतरच्या मोजणीने ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास नेले. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे अंतराळातून आलेल्या वस्तूच्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे झाले. तोच दिवस आता आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन म्हणून पाळला जातो आणि स्पर्धेचा निकालही त्याच सुमारास लावण्याची प्रथा पडली आहे.

विद्यार्थ्यांनी या प्रश्नाला हात घालण्याची परंपरा मात्र वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेतील एका तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना असा प्रकल्प देण्यात आला होता की, इकॅरस हा लघुग्रह पुढच्या वर्षी जूनमध्ये पृथ्वीवर आदळणार आहे असे समजून त्याला रोखण्याची योजना आखावी. मुलांनी सहा सॅटर्न-५ अग्निबाणांवरून शंभर शंभर मेगाटनांचे अणुबॉम्ब पाठवण्याचा आराखडा तयार केला. पुढे २०१२ साली विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय शोधनिबंध स्पर्धेत पहिला आलेला प्रस्ताव अगदी वेगळ्या वाटेने गेला होता. लघुग्रहाच्या पृष्ठभागावर फिकट रंगाच्या गोळ्यांचा मारा करायचा, त्याने परावर्तित होणारा सूर्यप्रकाश वाढवायचा आणि प्रकाशाच्या अल्पशा दाबाने वर्षानुवर्षे त्याला मार्गावरून ढळू द्यायचे, अशी ती कल्पना होती. अपोफिस या लघुग्रहासाठी सुमारे पाच टन रंग आणि वीस वर्षांपर्यंतचा काळ लागेल, असा त्या विद्यार्थ्याचा हिशेब होता.

या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे, त्यावरूनच आपल्याकडच्या स्पर्धेत वाद झाला. पहिल्या वर्षीच्या परिपत्रकात शब्दमर्यादा आणि वयोगट यांच्या खाली एक अट होती : अण्वस्त्रांचा वापर सुचवणारे निबंध विचारात घेतले जाणार नाहीत. आयोजकांची भूमिका समजण्यासारखी होती. चित्रपट पाहून आलेली मुले ‘बॉम्ब टाकून तुकडे करू’ एवढ्यावर निबंध संपवतील आणि तुकडेही पृथ्वीच्याच दिशेने येत राहतील याचा विचार करणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. शिवाय १९६३ च्या करारान्वये अंतराळात अणुस्फोट करण्यास बंदी आहे, १९६७ च्या अंतराळ करारान्वये पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवता येत नाहीत आणि भारत या दोन्ही करारांत सामील आहे.

तरीही ही अट विषयाच्या गाभ्यालाच कात्री लावणारी होती, असे म्हणावे लागते. तज्ज्ञ ज्या अणुस्फोटाचा विचार करतात, त्यात लघुग्रह फोडायचा नसतो. त्याच्यापासून काही अंतरावर स्फोट घडवून, त्या किरणोत्साराने पृष्ठभागाचा पातळ थर वाफ होऊन उडाला की उलट दिशेने मिळणारा धक्का वापरायचा असतो. २००७ साली अमेरिकेच्या संसदेला सादर झालेल्या अहवालाने ही पद्धत अण्वस्त्रविरहित पर्यायांपेक्षा १० ते १०० पट प्रभावी ठरवली होती. त्या अहवालावर टीकाही भरपूर झाली. ती टीका विद्यार्थ्यांनी वाचावी, तपासावी आणि मग हवे तर ही पद्धत नाकारावी. परंतु अटीने नेमकी तीच वाट बंद केली.

त्या वर्षी कळव्याच्या एका विद्यार्थिनीचा निबंध या अटीमुळे बाद झाला. आलेखाच्या कागदावर तिने दोन उदाहरणे शेजारी शेजारी मांडली होती. लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला केवळ एक सेंटिमीटरचा बदल दहा वर्षे आधी केला, तर साध्या गुणाकाराने सुमारे ३,१५० किलोमीटरचा फरक पडतो. हाच बदल दहा महिने आधी केला, तर फरक जेमतेम २६० किलोमीटरचा राहतो. कक्षेच्या खऱ्या गणितात हे आकडे बदलतात, याची नोंदही तिने समासात केली होती. इशारा उशिरा मिळाला तर सौम्य उपाय अपुरे पडतात, हा तिचा निष्कर्ष होता, आणि त्यापुढे १९६३ व १९६७ च्या करारांमुळे असा निर्णय कोण घेणार, हा प्रश्न तिने दीड पानभर चर्चिला होता. अट मोडणारा म्हणून बाजूला ठेवलेला हा निबंध कदाचित त्या वर्षीचा सर्वांत जबाबदारीने लिहिलेला निबंध होता.

अटीच्या समर्थकांच्या हातात एक भक्कम मुद्दा होता, तो लघुग्रहावर यान आदळवून पाहणाऱ्या डार्ट मोहिमेचा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या या यानाने सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याचा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा फेरा ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ११ तास २३ मिनिटांवर आला. स्फोटकांशिवाय एखाद्या खगोलीय वस्तूची कक्षा बदलता येते, याचा हा पहिला पुरावा होय. पण डायमॉर्फस जेमतेम १६० मीटरचा आहे. एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहाला किंवा अल्प मुदतीच्या इशाऱ्याला हा उपाय पुरेल, असे या मोहिमेने सिद्ध केलेले नाही. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेल्या वीसेक मीटरच्या दगडाचा तर आधी सुगावाही लागला नव्हता. खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली.

शिक्षकांच्या बैठकीत बराच खल झाल्यावर अटीचे शब्द बदलण्यात आले. आता अण्वस्त्रांचा पर्याय मांडता येतो. मात्र करारांचा आणि स्फोटाच्या पद्धतीचा उल्लेख न करता तो मांडल्यास गुण कापले जातात. अपोफिसचा विषयही यंदा जोडला आहे. सुमारे साडेतीनशे मीटरचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे दूरसंचार उपग्रहांच्या भूस्थिर कक्षेहूनही जवळून, जाणार आहे. त्या खेपेस धडक होणार नाही हे निश्चित असल्यामुळे विद्यार्थ्यांना पृथ्वीला वाचवण्याचा नव्हे, या लघुग्रहाला अभ्यासण्याचा प्रस्ताव लिहायचा आहे.